पावर कुणाची?

लिंबायतच्या आमच्या खोलीत ‘पावर’ हा शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो. माझे वडील, अण्णा, खानदेशातून सुरतेत आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा तासांची पाळी करू लागले. मजुरी विणलेल्या मीटरवर. पावर गेली की लूम थांबायचे आणि मजुरीही थांबायची. कारागीर पायरीवर येऊन बसत. आत धोटा ताण्याच्या मधोमध अडकलेला असे.

पुढे मी इथेच मराठी माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवलं. इंग्रजीनं ‘पावर’ या एका शब्दावर भागवलेलं काम मराठीनं वाटून दिलंय. विज्ञानात ती शक्ती, म्हणजे सेकंदाला होणारं काम. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. राज्यकारभारात सत्ता. चष्म्यात नुसता नंबर, आणि तो जितका मोठा तितकी नजर अधू. गणितात मात्र घात! 2 चा दहावा घात 1,024, असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा एका मुलीनं विचारलं, “सर, घात म्हणजे नाश ना?” जुन्या गणितींनी गुणाकारालाच हनन, वध, घात म्हटलंय, एवढं मी तिला सांगू शकलो. सामर्थ्य आणि नाश एकाच शब्दात का नांदतात, हा तिचा खरा प्रश्न माझ्याकडेच राहिला.

ऑगस्ट 2006 मध्ये तो प्रश्न पुन्हा समोर आला. उकाई धरणाच्या जलविद्युत केंद्राची क्षमता 300 मेगावॅट. तापीच्या ज्या पाण्यावर ते चालतं, तेच पाणी धरणातून सुटलं आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. लूम गाळात रुतले, शहर अंधारात गेलं. पाणी तेच, नदी तीच. माझ्या आईबापांच्या खानदेशातून वाहत आलेली.

त्या दिवसांत मी केनोपनिषद पुन्हा वाचलं. देव जिंकतात आणि विजय आपलाच मानतात. समोर एक यक्ष उभा राहतो. काहीही जाळू शकतो म्हणणाऱ्या अग्नीपुढे तो गवताची एक काडी ठेवतो. अग्नीला ती जाळता येत नाही, वायूला हलवता येत नाही. इंद्र पुढे होतो तर यक्षच नाहीसा होतो, आणि तो विजय ब्रह्माचा होता, हे उमा हैमवती त्याला सांगते. मला या कथेत अग्नीचा अपमान दिसत नाही. त्याचं जाळणं खरंच होतं, फक्त ते त्याच्या मालकीचं नव्हतं. खात्यातली मोटरही खरीच फिरायची. वीज मात्र दुरून यायची. हे विसरलं की शक्तीचा घात व्हायला वेळ लागत नाही, असं मला मनापासून वाटतं. नदीला हे लागू नाही, तिला अहंकार नसतो. माणसाला लागू आहे, शेठलाही आणि सरकारलाही. वर्गात छडी हातात असलेल्या मलाही.

अण्णा पाळी सुरू करताना आधी मेन स्विचला हात लावत, तो कपाळाला लावत, आणि मगच लूम चालू करत. शेवटच्या पाळीलाही त्यांनी तेच केलं.