त्यागाची परीक्षा

धाकटी बहीण बाळंतपणाला पिंपळगाव राजाला आली. आईने तुपातले डिंकाचे लाडू वळले. पण पुढे बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसू लागले. गाईम्हशीच्या दुधातील प्रथिन आईच्या दुधावाटे त्याला बाधत असावे, असे डॉक्टर म्हणाले. बहिणीने दूध, दही, तूप सारे सोडले. कॅल्शियमच्या गोळ्या धरल्या. आळी गहिवरली. चार आठवड्यांत बाळ निवळले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता पुन्हा दूध घेऊन पाहा. त्याशिवाय कारण ठरायचे नाही.” ती दचकली.

सोडण्यात आपल्याला पुण्य दिसते. पडताळण्यात दिसत नाही. पण आपला त्याग अनाठायी होता, हे ऐकण्याची तयारी ठेवणे, हीही मायाच नव्हे काय?

आज तिने पेलाभर दूध घेतले. फराळ बाजूला ठेवून आम्ही सारे पाळण्याकडे पाहत बसलो आहोत.