दान कोणत्या काठाचे?

सह्याद्रीत भीमाशंकर येथे उगम पावलेली भीमा नदी श्रीक्षेत्र पंढरपूर येथे चंद्रकोरीसारखे वळण घेते. म्हणून येथे तिला चंद्रभागा हे नाव लाभले आहे. ज्या वाळवंटात वारकरी भजन-कीर्तनात तल्लीन होतात, ते वाळवंट नदीनेच कण कण वाहून आणून घातले आहे. या दृष्टीने नदी ही थोर दात्री होय. परंतु एक प्रश्न उरतो : ती जे देते, ते तिने आणले कोठून?

वळणावर बाहेरच्या काठाशी पाण्याचा वेग अधिक असतो. तेथे काठ कापला जातो, दरड ढासळते, डोह खोल होतो. आतल्या काठाशी पाणी संथ व उथळ असते. तेथे वाळू साचते. थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९२६ साली ही क्रिया चहाच्या पेल्याच्या दृष्टान्ताने उलगडून दाखविली. चहा ढवळला असता तळाची पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते. कारण तळाशी घर्षणाने वेग मंदावतो आणि तेथील प्रवाह आत वळतो. नदीच्या वळणावरही तळाचा प्रवाह वाळूला असाच आतल्या काठाकडे लोटतो. भरड वाळू आधी खाली बसते. बारीक गाळ पुराबरोबर दूरवर पसरून शेते सुपीक करतो.

तात्पर्य, एका शेतात मळई चढते, तेव्हा वरच्या अंगाला कोणाचा तरी काठ कापला गेलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिनेही दोन्ही बाजू विचारात घेतल्या आहेत. तीत मळईच्या जमिनीसंबंधी जशी तरतूद आहे, तशीच जमीन वाहून गेलेल्या खातेदारास आकारणीत कपात देण्याचीही आहे.

नदीला याचा दोष लागत नाही. तिला हेतू नाही आणि ती स्वतःसाठी काही राखून ठेवीत नाही. मनुष्याचे तसे नाही; आपण कोणता काठ कापला हे तो जाणतो. मजुराची मजुरी बुडवून, मापात मारून किंवा भावाचा हिस्सा दाबून मिळविलेल्या धनातील काही भाग देवापुढे ठेवला, तर पावतीवर रक्कम दिसते. कापलेला काठ दिसत नाही. यावर कोणी म्हणेल की, त्या धनानेही भुकेल्याच्या मुखी अन्न पडतेच. हे खरे आहे आणि ते अन्न वाया जात नाही. परंतु येथे वाढलेल्या पंगतीने तेथील मजुराची चूल पेटत नाही. एकाचे देणे दुसऱ्याला देऊन फिटत नाही.

वाळूच्या बाबतीत हा प्रश्न केवळ दृष्टान्ताचा राहत नाही. नदीने वर्षानुवर्षे साचविलेली वाळू यंत्रे काही रात्रींत उपसून नेतात. पात्रात खड्डे पडतात, काठ ढासळतात आणि स्नानास उतरणाऱ्या भाविकाच्या जिवास धोका निर्माण होतो. शिवाय १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण वरच्या बाजूस आहे. नदीचा पुष्कळसा गाळ आता जलाशयातच अडतो. अशा स्थितीत उपसलेली वाळू पूर्वीच्या गतीने भरून येणे कठीण. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातील वाळू उत्खननासही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरविली, ती अशाच हानीची दखल घेऊन. चोरट्या वाळूने धर्मशाळा बांधणे म्हणजे देवाचीच नदी कापून देवाला अर्पण करणे होय. तेव्हा बांधकामासाठी देणगी देणाऱ्याने वाळू कोठून आली हे विचारणे, हाही दानाचाच भाग समजावा.

भक्त पुंडलिकाची कथा सर्वांस परिचित आहे. साक्षात परब्रह्म दारी आले असता त्याने मातापित्यांची सेवा अर्धवट सोडली नाही. देवासाठी वीट पुढे केली आणि थांबण्यास सांगितले. देवही थांबला, आणि आजतागायत उभा आहे. ज्याचे देणे आधी आहे, त्याचे आधी फेडावे, एवढा वेळ देव निश्चित देतो. भाविकाने देणगी जरूर द्यावी. मात्र दानपेटीकडे हात नेण्यापूर्वी आपल्या मागे एखादा काठ कापलेला तर राहिला नाही ना, हे मनाशी पाहावे. तसा काठ आढळल्यास प्रथम तो बुजवावा. नंतर दिलेला एक रुपयाही पूर्ण दान होय.