वाचकाची साक्ष

ज्या दिवेआगरात शके 982चा, म्हणजे इसवी सन 1060चा, मराठी ताम्रपट सापडला, त्याच गावी सुपारीच्या बागेलगतच्या ओटीवर आम्ही काही पुस्तकप्रेमी अलीकडच्या वाचनाचा जमाखर्च एकमेकांपुढे मांडतो, तेव्हा स्तुतीपेक्षा तक्रारच अधिक कसून तपासली जाते, आणि ते मला सर्वथा योग्य वाटते.

श्री. ना. पेंडशांची 1987 साली प्रसिद्ध झालेली ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी मी नुकतीच पुन्हा वाचली. जगबुडी नदीकाठच्या एका खोतघराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा उत्कर्ष आणि अपकर्ष सांगताना लेखकाने ना कुणाचा कैवार घेतला, ना कुणावर निवाडा लादला, म्हणून तिचे दोन्ही खंड मी भेटेल त्याला आग्रहाने देतो. याउलट एका नव्या ऐतिहासिक कादंबरीने माझी घोर निराशा केली: वर्णने विपुल, विशेषणे त्याहून विपुल, परंतु जिवंत माणूस कुठेच भेटेना. बैठकीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने त्या कादंबरीतला दप्तरदाराचा प्रसंग फार सुंदर उलगडून दाखवला. तो प्रसंग उत्तमच आहे, कादंबरीविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

आपल्याही गावी अशी बैठक भरवा, आणि न आवडलेल्या पुस्तकाविषयी मौन न बाळगता त्याचे कारण निःसंकोच सांगा, ही माझी आपणांस विनंती.