अट आणि भाव

ऑप्टिमायझेशनमध्ये पीएचडी करणाऱ्या मुलाला घरी हमखास विचारतात, "म्हणजे नक्की काय करतोस रे?" दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात राहणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. १९९७ साली उभ्या राहिलेल्या या भागात कारखाने, गोदामं, आपल्यासारख्यांची घरं आणि कामगारांच्या वसाहती एकाच परिसरात आहेत. वसाहतींतून कामगारांच्या बस निघतात. कमीत कमी बस आणि डिझेल वापरून सगळ्यांना वेळेवर साइटवर कसं पोचवायचं? हेच ते गणित.

त्यात दोन गोष्टी लिहाव्या लागतात. उद्दिष्ट, म्हणजे काय कमी किंवा जास्त करायचं. आणि अटी, म्हणजे काय मोडायचं नाही. असे प्रश्न सोडवायला जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. १९८४ मध्ये बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकरांनी वेगळ्या वाटेने जाणारी, प्रश्न मोठा झाला तरी वेळ आटोक्यात ठेवणारी पद्धत मांडली. मराठी माणसाला अभिमान वाटावा असं हे काम. पण कोणतीही पद्धत आपण मांडलेलाच प्रश्न सोडवते.

मग कामगाराची झोप कुठे लिहायची? उद्दिष्टात लिहिली, की तिला भाव येतो. सगळ्यांना अर्धा तास आधी उठवून एक बस वाचत असेल, तर संगणक निमूटपणे सौदा करतो. अट म्हणून लिहिली, तर सौदा होत नाही. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन, काही अपवाद सोडून, उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. काम मागे पडलं म्हणून ती हटत नाही. ही अट झाली.

अटींनी खर्च वाढतो, हे खरंच. एखादी अट जराशी सैल केली तर किती वाचेल, तेही गणित सांगतं. पण भाव कळला म्हणून विकायलाच हवं असं थोडंच आहे? आईच्या मंगळसूत्राचा भाव सराफ सांगतो, तरी आपण ते विकायला काढत नाही.

सगळ्याच गोष्टींची अट केली, तर उत्तरच निघत नाही. निवड करावीच लागते. ती करताना बसमध्ये बसणाऱ्याला विचारलं पाहिजे. त्याने किती वाजता उठावं, हे नुसत्या डिझेलच्या हिशेबावर सोडता येणार नाही.