फळबागेतील आप्तवचन

म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी १८८२ साली बंगळूरच्या पूर्वेस ३,९०० एकर जमीन युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या कृषिवसाहतीसाठी दिली, आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीस व्हाइटफील्ड हे नाव पडले, तेव्हा सनदेने जे देता येते ते देऊन झाले होते. पाण्याची पाळी केव्हा धरावी हे मात्र दप्तरातून मिळत नाही, ते दुसऱ्याच्या शब्दावरूनच घ्यावे लागते. आज तेथे संगणक-कंपन्यांचे मनोरे आहेत. पण देवनहळ्ळी-चिक्कबळ्ळापूरकडे सरकले की बंगळूर ब्लू द्राक्षाचे मांडव दिसतात, आणि त्यांखालच्या अल्पभूधारकापुढे तोच प्रश्न उभा असतो: नवी पद्धत घ्यावी, ती कोणाच्या भरवशावर?

ज्वारी पेरणाऱ्याला एका हंगामात प्रत्यक्षाचा पडताळा मिळतो. आंब्याचे कलम धरते होईतो चार-पाच वर्षे जातात आणि चूक कळते ती तेव्हा. म्हणून फळबागाईतदार शब्दप्रमाणावर जगतो. न्यायदर्शनाने आप्ताचा उपदेश प्रमाण मानला; भाष्यकार वात्स्यायनाने आप्त तो ठरविला, की ज्याने वस्तू स्वतः साक्षात् जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू, असेही निःसंकोच लिहून ठेवले. आमच्या प्रशिक्षणवर्गांना एवढे औदार्य अजून साधलेले नाही.

नाशिकचा बागाईतदार एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी करून वर्षाला एक पीक घेतो. बंगळूर ब्लूवर दोन छाटण्यांतून दोन पिके निघतात. नाशिकचा निष्णात तेथे बोलू लागला तर तो खोटे बोलत नसेल, पण त्या वेलीपुरता आप्तही नसेल. कात्री लावण्यापूर्वी काडी बोटांनी चाचपून कोणता डोळा घड देईल हे सांगणारा तिथला निरक्षर मजूर मात्र असेल. हेसरघट्ट्याच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने तुमकूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या तांबूस गऱ्यांच्या फणसाची 'सिद्दू' या नावाने कलमे बांधली आणि विक्रीतील मोठा हिस्सा त्यालाच देण्याचा करार केला. गुरू कोण आणि शिष्य कोण, हा शिरस्ता तेथे उलटला, आणि तो उलटावा हेच योग्य.

एक उणीव मात्र मला वात्स्यायनाच्या लक्षणात जाणवते. बाग फसली तर कर्जाचा बोजा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढतो, उपदेशकाची फार तर बदली होते. सांगणाऱ्याने नुकसानीत वाटेकरी असावे, ही अट तेथे नाही. ती दप्तरी बसवणे कठीणच. तोवर, व्याख्यान, चहा आणि दाखला देऊन निघून न जाता जो अधिकारी पुढच्या छाटणीला त्याच मांडवाखाली परत येतो, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो, त्याच्या शब्दावर अल्पभूधारकाने एखादी ओळ खुशाल सोडावी. सबंध एकर मात्र सोडू नये.