काही काळ

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रजी अर्थशास्त्राची सूत्रे सर्व देशांना सारखीच लागू पडतात, हे त्यांना मान्य नव्हते. मागासलेल्या देशात सरकारनेच उद्योगास हात दिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. (ते स्वतः सरकारी नोकरीत होते, हे आम्हां नोकरदारांनी विसरू नये.) जर्मन पंडित फ्रेडरिक लिस्ट यांचा विचारही असाच: नवा उद्योग बालकासारखा असतो, त्यास परकी स्पर्धेपासून काही काळ जपावे. त्यातील ‘काही काळ’ या दोन शब्दांविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

जबलपुरात राहणाऱ्यास त्यांचा विसर पडणे सोपे आहे. येथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. पुढे १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारकडे राखून ठेवली. १९५९ च्या सुमारास जर्मन परवान्यावर ‘शक्तिमान’ ट्रक येथे बनू लागला, आणि १९६९ साली वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. जडवाहनांची विद्या या देशात नुकती रुजत होती, त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ‘शक्तिमान’नंतर त्याच कारखान्यात जोडले जाऊ लागले ते टाटा आणि अशोक लेलँड यांच्या आराखड्यांचे ट्रक! त्या कंपन्यांसही संरक्षण होतेच. पण गिऱ्हाईक त्यांना शोधावे लागे. येथे गिऱ्हाईक ठरलेले होते.

आई मुलासाठी खस्ता खाते त्या स्वतःच्या. सरकार उद्योग वाढविते ते दुसऱ्याच्या पदरचे खर्चून. महाग माल घेणाऱ्यास किंवा कर भरणाऱ्या शेतकऱ्यास कोणी विचारलेले नसते. त्यांच्याकडून हा त्याग घेण्याचा नैतिक अधिकार, आमच्या मते, मुदत सांगितल्यानेच येतो.

यावर कोणी म्हणेल, शस्त्रे म्हणजे कापड नव्हे. युद्धाच्या वेळी ती बाजारात मिळत नाहीत. खरे आहे, १९६५ साली ते आपण अनुभवले. पण हे कारण देशरक्षणाचे झाले, संगोपनाचे नव्हे. दोन्ही कारणे एकाच फायलीत राहिली, की एकाच्या उणिवेवर दुसऱ्याचे पांघरूण पडते. दक्षिण कोरियाने स्वस्त कर्जे निर्यातीच्या उद्दिष्टांशी बांधली, म्हणजे हिशेब मागितला. तथापि तेथे हुकूमशाही होती व कामगार संघटना दडपल्या गेल्या, म्हणून ते उदाहरण आम्ही संकोचानेच देतो.

दुसरी बाजू कामगाराची. कायम नोकरी या भरवशावर त्याने संसार मांडला. २०१९ साली येथील कामगार देशव्यापी संपात उतरले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्यास आळशी ठरविणे अन्यायाचे होईल. मुदत त्यालाही कोणी सांगितली नव्हती.

आमच्या दप्तरी भाषेत ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असा एक शब्दप्रयोग आहे. सवलत त्या शब्दांवर सुरू होते. पुढील आदेश निघण्यापूर्वी लिहिणाऱ्याची बदली होते. २०२१ साली त्या कामगारांना नव्या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर मानण्यात आले, तेव्हा मात्र मुदत स्पष्ट लिहिली होती: दोन वर्षे. ती पुढे वाढविण्यात आली.