उखळ आणि इअरफोन

आमचे भाचेराव इंदापूरचे. इतके गरीब, की झुरळसुद्धा सुपलीत घेऊन अंगणात सोडतात. श्रावणात बारामतीला आले नि त्यांनी माझ्या कानात इअरफोन घातला. मुंबईच्या ‘गटस्लिट’चा २०१७ चा अल्बम. प्रकार ब्रुटल डेथ मेटल. ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा आणि गायक म्हणजे रसवंतीच्या चरकात अडकलेला धोंडा!

“शब्द काय रे?”

“कापाकापी, मामा.”

मी संस्कारांवर बोलणार, तोच आतून मातोश्रींचा आवाज आला. शिवलीलामृताचा चौदावा अध्याय. आई पोटच्या चिलयाचं शिर उखळात कांडते, तो! श्रीधरस्वामींनी ही पोथी १७१८ साली आमच्याच बारामतीत लिहिली. तेव्हापासून बायाबापड्या ती ऐकतात, मनसोक्त रडतात नि शांतपणे भाकऱ्या थापायला बसतात.

“पण चिलया परत येतो,” मी अडून बसलो. “तुझ्यात कोण येतं?”

“मी येतो की. बाबा गेल्यापासून आईसमोर रडता येत नाही, मामा. हे ऐकताना तेवढा वेळ माझ्या वतीनं कुणीतरी ओरडतं.”

संस्कार तिथंच राहिले. मी दुसऱ्या कानातला इअरफोनही मागून घेतला. धोंडा अजून धोंडाच वाटत होता; पण आता तो काढून टाकावासा वाटेना.